ऑन-रोड किंमत: कॅनडाच्या एफ-३५ खरेदीचं प्रकरण

१६ जुलै २०१० रोजी ओटावात एका लढाऊ विमानासमोर पत्रकार परिषद झाली. विमान उडणारं नव्हतं. ती एफ-३५ या अमेरिकी बनावटीच्या विमानाची पूर्णाकृती प्रतिकृती होती, खास त्या दिवसासाठी आणवलेली. तेव्हाचे संरक्षणमंत्री पीटर मॅके तिच्या कॉकपिटमध्ये बसले आणि फोटोवाल्यांनी आपलं काम केलं. ती प्रतिकृती आणण्या-मांडण्यावर सुमारे ४७ हजार डॉलर खर्च झाल्याचं नंतर उघड झालं. पुढे या प्रकरणात जे आकडे आले त्यांच्यापुढे ही रक्कम म्हणजे लग्नाच्या खर्चात अक्षतांचे तांदूळ. पण गोष्ट तिथूनच सांगायला हवी, कारण त्या दिवशी जनतेला विमानही नकली दाखवलं गेलं आणि किंमतही अर्धीच सांगितली गेली.

घोषणा अशी होती: जुन्या सीएफ-१८ विमानांच्या जागी ६५ एफ-३५ए घेणार, खर्च ९ अब्ज कॅनेडियन डॉलर. निविदा नाहीत, दुसऱ्या कुठल्या विमानाशी स्पर्धा नाही. देखभालीसह किती, असं विचारलं की १४ ते १६ अब्जांच्या घरातले आकडे सांगितले जात.

गाडी घेतलेल्या कोणालाही इथलं पाणी कुठे मुरतंय ते लगेच कळेल. शोरूमच्या पाटीवर एक आकडा असतो. कर, विमा, नोंदणी चढली की ऑन-रोड किंमत वेगळी होते. पुढची पंधरा वर्षं पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर, ड्रायव्हर ठेवला तर त्याचा पगार हे सगळं धरलं तर तिसराच आकडा निघतो. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात. प्रश्न एवढाच, की घरच्यांना त्यातला कुठला सांगायचा. कॅनडाच्या संरक्षण धोरणातला गेल्या पंधरा वर्षांतला सर्वांत मोठा वाद या एका प्रश्नाभोवती फिरला. त्यात एक सरकार पडलं, पुन्हा निवडून आलं, दुसरं आलं, त्याने दिलेला शब्द त्याच्याच अंगाशी आला, आणि शेवटी विमान तेच आलं.

आधीची पार्श्वभूमी थोडक्यात. कॅनडाने १९८०च्या दशकात १३८ सीएफ-१८ घेतली. त्यांचे मुख्य तळ दोन, अल्बर्टातलं कोल्ड लेक आणि क्वेबेकमधलं बॅगोटव्हिल. उत्तरेच्या आकाशावर अमेरिकेबरोबर संयुक्त पहारा ठेवणाऱ्या ‘नोराड’चं कामही याच विमानांवर. एफ-३५च्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात कॅनडा १९९७ मध्येच १ कोटी अमेरिकी डॉलर भरून शिरला. २००२ मध्ये १५ कोटींचा दुसरा हप्ता कबूल केला, २००६ मध्ये पुढच्या टप्प्याच्या करारावर सही केली. लक्षात घ्यायचं ते हे, की या वर्गणीने विमान विकत घेण्याचं बंधन येत नव्हतं. वर्गणी भरल्यामुळे कॅनडातल्या कंपन्यांना सुटे भाग पुरवण्याच्या कामांसाठी रांगेत उभं राहता येत होतं. लिबरल सरकारने सुरू केलेली वर्गणी कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने चालू ठेवली आणि मग एक दिवस ‘एवढी वर्षं वर्गणी भरतोय, तर मूर्ती इथूनच घ्यायची’ असा युक्तिवाद तयार झाला.

किलोच्या हिशेबाने

स्टीफन हार्पर २००६ मध्ये पंतप्रधान झाले ते आधीच्या लिबरल सरकारच्या जाहिरात-कंत्राट घोटाळ्यावर बोट ठेवून. आल्या आल्या त्यांनी उत्तरदायित्वाचा मोठा कायदा केला आणि त्यात संसदीय अर्थसंकल्प अधिकारी हे नवं पद निर्माण केलं. सरकारने मांडलेल्या आकड्यांची खासदारांसाठी स्वतंत्र पडताळणी करायची, हे त्याचं काम. २००८ मध्ये केव्हिन पेज या पदावर आले. हार्परनी स्वतः लावलेल्या झाडाची फांदी पुढे त्यांच्याच डोक्यावर पडली.

पेज यांच्यापुढे अडचण सरळ होती. विमानाचा विकास अजून पूर्ण झालेला नव्हता आणि उत्पादक सांगेल तो भाव धरायची त्यांची तयारी नव्हती. मग त्यांच्या कार्यालयाने एक जुनी, जवळजवळ वाण्याच्या दुकानात शोभेल अशी पद्धत वापरली. गेल्या काही दशकांत लढाऊ विमानांचा खर्च दर किलोमागे किती पडला, तो कसा चढत गेला, हे मांडलं, आणि ती रेघ पुढे वाढवून एफ-३५च्या वजनाला लावली. १० मार्च २०११ रोजी अहवाल आला. ६५ विमानांचा ३० वर्षांचा खर्च २९.३ अब्ज अमेरिकी डॉलर: खरेदी ९.७, सुरुवातीचे सुटे भाग आणि साधनं १.७, चालू देखभाल १४, मोठी दुरुस्ती आणि सुधारणा ३.९. सरकार एका विमानाची किंमत ७.५ कोटी डॉलरच्या आसपास सांगत होतं. पेज यांच्या हिशेबाने ती १४.८५ कोटी होती.

संरक्षण खात्याने पद्धतीवर टीका केली. विमान काय किलोवर घेतात का, असा सूर होता. हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, वजनावरून काढलेला अंदाज ढोबळच असतो. पण पेज यांनी आपली रीत, गृहीतकं, आकडे सगळं पानांवर मांडलं होतं. खात्याच्या आकड्यामागची रीत तेव्हा कोणी पाहिलेलीच नव्हती. माझ्या मते या प्रकरणातली खरी कलाटणी ती. कोणाचा अंदाज बरोबर, हा मुद्दा बाजूला ठेवला तरी, ज्याची मांडणी समोर आहे त्याच्याशी निदान भांडता येतं.

२०११: मतदारांनी मान हलवली नाही

त्याच मार्चमध्ये संसदेत दुसरा तमाशा चालू होता. गुन्हेगारीविषयक विधेयकांचा खर्च आणि कंपन्यांच्या नफ्याचे अंदाज मागूनही सरकार देत नव्हतं. विमानांच्या खर्चाची तक्रारही विरोधकांच्या तोंडी त्याच पंक्तीला होती. सभापती पीटर मिलिकन यांनी ९ मार्चला सरकारने संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग केल्याचा मुद्दा प्रथमदर्शनी मान्य केला, समितीने सरकारला संसदेच्या अवमानाबद्दल दोषी ठरवलं आणि २५ मार्चला अविश्वासाचा ठराव १५६ विरुद्ध १४५ मतांनी मंजूर झाला. संसदेच्या अवमानावरून सरकार पडण्याची कॅनडातली ही पहिलीच वेळ.

आता तरी जनमताचा दणका बसेल, अशी अपेक्षा होती. २ मे २०११ ला निकाल लागले. हार्पर यांच्या पक्षाला ३०८ पैकी १६६ जागा, म्हणजे आधी नसलेलं स्पष्ट बहुमत. आणि ज्या लिबरल पक्षाने ठराव आणला तो ३४ जागांवर आला, त्यांच्या इतिहासातला नीचांक.

यावरून ‘लोकांना काही पडलेली नाही’ असं म्हणणं सोपं आहे, आणि तेव्हा अनेकांनी ते म्हटलंही. मला ते पटत नाही. मतदार एका मतात नोकरी, कर, आरोग्य, नेत्याचा चेहरा असं सगळं कोंबतो. त्यात लढाऊ विमानाच्या तीस वर्षांच्या देखभालीला कितीशी जागा उरणार? कॅनडासारख्या, शेजारी अमेरिका आणि बाकी तीन बाजूंना समुद्र असलेल्या देशात संरक्षणावर निवडणूक क्वचितच फिरते. जनमत होतं, पण ते विखुरलेलं होतं आणि मतपत्रिकेवर त्याला स्वतंत्र रकाना नव्हता.

शिवाय तेव्हा दोन आकडे समोरासमोर होते, एक सरकारचा, एक पेज यांचा. सरकार आपल्यापाशी तिसरा आकडा बाळगून आहे, हे अजून कोणाला माहीत नव्हतं.

३ एप्रिल २०१२

महालेखापरीक्षक हे पद म्हणजे आपल्याकडच्या ‘कॅग’चं तिकडचं भावंड. संसदेला उत्तर द्यायचं, सरकारला नाही. मायकल फर्ग्युसन २०११च्या शेवटी या पदावर आले तेव्हा त्यांना फ्रेंच येत नाही म्हणून बराच गदारोळ झाला होता. पदभार घेऊन चार महिने होतात न होतात तोच त्यांचा लढाऊ विमानांवरचा अहवाल संसदेपुढे आला.

त्यातली नोंद अशी: संरक्षण खात्याने जून २०१० मध्ये, म्हणजे त्या कॉकपिटमधल्या फोटोच्या आधी, आतल्या निर्णयासाठी जो हिशेब केला होता तो सुमारे २५ अब्ज डॉलरचा होता. मार्च २०११ मध्ये, पेज यांच्या अहवालाला उत्तर देताना, त्याच खात्याने लोकांना सांगितलेला आकडा १४.७ अब्ज. मधले दहा अब्ज कुठे गेले? वैमानिकांचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार, इंधन, उड्डाणाचा रोजचा खर्च हे आतल्या कागदात होतं, बाहेरच्या कागदात नव्हतं. त्यातही हिशेब २० वर्षांचा होता. विमानं ३६ वर्षं चालतील अशी अपेक्षा असताना.

दुसरी नोंद खरेदीच्या रीतीबद्दल. विनास्पर्धा खरेदीला सार्वजनिक बांधकाम खात्याची संमती लागते, कारण कॅनडात मोठ्या सरकारी खरेदीची चावी त्या खात्याकडे असते. त्यांनी ती संमती दिली तेव्हा आवश्यक कागदपत्रं आणि विश्लेषण पूर्ण नव्हतं. निर्णय आधी, कारणं मागून. सरकारी कचेरीत बसलेल्या माणसाला या क्रमाचं नवल वाटणार नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत बोचते. फर्ग्युसन यांच्या आधीच्या महालेखापरीक्षक शीला फ्रेझर यांनी २०१० मध्ये लष्करी हेलिकॉप्टरांच्या खरेदीवर अहवाल दिला होता. यंत्राच्या संपूर्ण आयुष्याचा खर्च आधी मांडत चला, अशी शिफारस त्यात होती. खात्याने ‘मान्य’ म्हणून उत्तरही दिलं होतं. विमानांच्या वेळी ते ‘मान्य’ कागदावरच राहिलं.

अहवालाच्या निष्कर्षाशी आपण सहमत नाही, असं संरक्षण आणि बांधकाम दोन्ही खात्यांनी लेखी कळवलं, आणि त्याच दिवशी सरकारने शिफारस मान्य करून खरेदीचा निधी गोठवला. खाती असहमत आणि सरकार सहमत, असं एकाच दिवशी कसं, हे तिथल्या विरोधकांनीही विचारलं. निर्णयाची सूत्रं संरक्षण खात्याकडून काढून बांधकाम खात्यातल्या नव्या सचिवालयाकडे देण्यात आली.

मग मॅके यांचं ते प्रसिद्ध स्पष्टीकरण आलं. टीव्हीवर त्यांनी घरगुती मिनिव्हॅनचं उदाहरण दिलं: गाडी घेताना माणूस पुढच्या पंधरा-वीस वर्षांचं पेट्रोल, तेल, काच पुसायचं पाणी आणि स्वतः चालवल्याचा पगार धरतो का? म्हणजे लपवाछपवी नाही, हा केवळ हिशेबाच्या पद्धतीतला फरक.

या युक्तिवादात अर्धं सत्य आहे. वैमानिकांचे पगार एफ-३५ घेतली नाही तरी द्यावेच लागणार होते, मग ते तिच्या खात्यावर का टाकायचे, हा प्रश्न रास्त आहे. पण खात्याने आतमध्ये स्वतःसाठी ते धरले होते. घरात बसून नवरा-बायकोने पेट्रोलसकट हिशेब केला आणि पैसे देणाऱ्या सासऱ्यांना मात्र शोरूमची पाटी दाखवली, तर त्याला पद्धतीतला फरक म्हणत नाहीत. फर्ग्युसन यांनी समितीपुढे सांगितलं की हा आकडा सरकारपाशी होता अशीच त्यांची समजूत आहे. एकाही मंत्र्याने राजीनामा दिला नाही.

सरकारने केपीएमजी या लेखा कंपनीकडून नव्याने हिशेब करून घेतला. १२ डिसेंबर २०१२ ला तो जाहीर झाला: ४२ वर्षांचा एकूण खर्च ४५.८ अब्ज कॅनेडियन डॉलर. वर्तमानपत्रांत ‘९चे ४६ झाले’ असे मथळे आले. खरं तर खरेदीची रक्कम याही हिशेबात जवळपास ९ अब्जच होती. वाढली होती ती वर्षांची संख्या आणि धरलेल्या बाबी. २० वर्षं, ३० वर्षं, ४२ वर्षं अशा तीन फुटपट्ट्यांनी एकच कापड मोजल्यावर लांबी वेगळी येणारच. हे सामान्य वाचकाला नीट समजावून सांगण्याची संधी सरकारने २०१० मध्येच घालवली होती. २०१२ मध्ये समजावलं तरी ऐकायला कोण बसलं होतं? विनास्पर्धा खरेदी त्या दिवशी मोडीत निघाली.

इथवर पाहिलं तर यंत्रणेने काम केलं. एका अधिकाऱ्याने मांडणी केली, दुसऱ्याने दप्तर उघडलं, पत्रकारांनी लावून धरलं, लोकांच्या संतापापुढे सरकार मागे हटलं. प्रकरण इथे संपलं असतं तर ते पाठ्यपुस्तकात गेलं असतं.

हॅलिफॅक्सचा शब्द

२० सप्टेंबर २०१५ रोजी, प्रचाराच्या धामधुमीत, लिबरल नेते जस्टिन ट्रुडो हॅलिफॅक्सला गेले. हॅलिफॅक्स म्हणजे अटलांटिक नौदलाचं माहेर. तिथे त्यांनी जाहीर केलं: आम्ही एफ-३५ घेणार नाही, खुली स्पर्धा लावू, स्वस्त विमान घेऊ आणि वाचलेले पैसे नौदलाच्या जहाजांना देऊ. नाविकांच्या गावात जाऊन विमानाचे पैसे जहाजाला देतो म्हणणं, हे कुठल्याही गावच्या सभेत टाळ्या घेणारं वाक्य आहे. १९ ऑक्टोबरला त्यांना ३३८ पैकी १८४ जागा मिळाल्या.

या शब्दातली गोम लगेच दिसते. एफ-३५ घेणार नाही आणि स्पर्धा खुली ठेवणार, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. ज्या टेंडरमधून एकाला नाव घेऊन आधीच वगळलंय ते न्यायालयात टिकत नाही. लोकांचा राग होता तो किंमत लपवल्याचा आणि स्पर्धा टाळल्याचा. ट्रुडोंनी तो राग विमानावरच्या रागात बदलून घेतला, कारण ‘आम्ही आयुष्यभराचा खर्च पारदर्शक मांडू’ या वाक्याला टाळ्या पडत नाहीत.

लिबरल पक्षाला हा धडा नवा नव्हता, हे जास्त लागतं. १९९३ मध्ये ज्याँ क्रेतिएँ यांनी आधीच्या सरकारच्या ईएच-१०१ हेलिकॉप्टरांना ‘कॅडिलॅक’ म्हणून हिणवत निवडणूक जिंकली आणि सत्तेवर येताच कंत्राट रद्द केलं. नुकसानभरपाईपोटी शेकडो दशलक्ष डॉलर गेले. १९९८ मध्ये त्याच घराण्यातली १५ हेलिकॉप्टरं शोध-बचाव कामासाठी घ्यावी लागली. आणि नौदलाची १९६३ पासूनची सी किंग हेलिकॉप्टरं? ती निवृत्त झाली २०१८ मध्ये. भिजत घोंगडं म्हणतात ते हेच.

सत्तेत आल्यावर ट्रुडो सरकारपुढे दिलेला शब्द आणि जुनी होत चाललेली विमानं अशी दोन्हीकडून कोंडी झाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये संरक्षणमंत्री हरजित सज्जन यांनी त्यातून वाट काढली: ‘क्षमतेत खोट’ आली आहे, ती भरायला तात्पुरती म्हणून बोइंगची १८ सुपर हॉर्नेट विनास्पर्धा घेऊ, खरी स्पर्धा नंतर लावू. ही खोट आली कुठून? नोराड आणि नाटो या दोघांच्या वाट्याची विमानं एकाच वेळी सज्ज ठेवता आली पाहिजेत, असा नवा नियम सरकारने केला होता. हवाई दलप्रमुख लेफ्टनंट जनरल मायकल हूड यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की किती विमानं लागतील याचं धोरण सरकारने बदललं. विमानं काही एका रात्रीत कमी झाली नव्हती. त्याच सुमारास या विषयावर काम करणाऱ्या दोनशेहून अधिक लष्करी आणि मुलकी कर्मचाऱ्यांकडून आयुष्यभर तोंड न उघडण्याच्या हमीपत्रांवर सह्या घेतल्याचं बाहेर आलं. विनास्पर्धा खरेदी आणि गुप्तता, म्हणजे ज्या दोन कारणांनी आधीचं सरकार बदनाम झालं तीच. पारदर्शकतेच्या नावाने निवडून आलेल्यांनी आधीच्यांचीच पायरी चढली.

पुढचा अंक विनोदी आहे. एप्रिल २०१७ मध्ये त्याच बोइंगने कॅनडाच्या बॉम्बार्डिए कंपनीविरुद्ध अमेरिकेत तक्रार केली, की सी-सिरीज प्रवासी विमानं अनुदानाच्या जोरावर पडत्या भावात विकली जात आहेत. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने जवळजवळ ३०० टक्के शुल्क सुचवलं. बॉम्बार्डिएचे कामगार क्वेबेकात, क्वेबेकची मतं सर्वांना हवी. जो आपल्या माणसांच्या पोटावर पाय देतो त्याच्याकडून विमानं कशी घ्यायची? डिसेंबर २०१७ मध्ये सुपर हॉर्नेट बारगळली आणि ऑस्ट्रेलियाने वापरून काढलेली १८ एफ-१८ घेण्याचं ठरलं. म्हणजे जुन्या विमानांची उणीव भरायला त्याच पिढीची सेकंडहँड विमानं. दीड महिन्यात, जानेवारी २०१८ मध्ये, अमेरिकी व्यापार आयोगाने बॉम्बार्डिएच्या बाजूने ४-० असा निकाल दिला.

नोव्हेंबर २०१८ मध्ये पुन्हा महालेखापरीक्षकांचा अहवाल आला, फर्ग्युसन यांच्याच कारकिर्दीतला. त्याने सांगितलं की विमानं कमी आहेत हे दुखणंच नाही. माणसं कमी आहेत. सीएफ-१८च्या तुकड्यांत पूर्ण प्रशिक्षित वैमानिक लागतात त्याच्या ६४ टक्केच होते. तंत्रज्ञांच्या २२ टक्के जागा रिकाम्या तरी होत्या किंवा अपुऱ्या शिकलेल्यांकडे होत्या. दोन वर्षांत ४० लढाऊ वैमानिक सोडून गेले आणि नवे तयार झाले ३०. उडवायला माणूस नसेल तर आणखी अठरा विमानं हँगरात उभी करून काय साधणार, असा त्या अहवालाचा सरळ अर्थ. एका महालेखापरीक्षकाने दोन पक्षांच्या दोन सरकारांना एकाच विषयात उघडं पाडलं. फर्ग्युसन फेब्रुवारी २०१९ मध्ये वारले.

तेरा वर्षांनी तेच विमान

खरी स्पर्धा जुलै २०१९ मध्ये सुरू झाली, आता ८८ विमानांसाठी. गुणांची वाटणी अशी: ६० टक्के क्षमता, २० टक्के किंमत, २० टक्के देशाला होणारा आर्थिक लाभ. फ्रान्सची दासो आणि युरोपातली एअरबस या विमानकंपन्या आपणहून बाहेर पडल्या, बोइंग डिसेंबर २०२१ मध्ये गळलं, उरले एफ-३५ आणि स्वीडनच्या साबचं ग्रिपेन. मार्च २०२२ मध्ये कौल एफ-३५ला गेला. दरम्यान ‘एफ-३५ नको’ म्हणणारं सरकार प्रकल्पाची वर्गणी मात्र दरवर्षी बिनबोभाट भरत होतं.

९ जानेवारी २०२३ रोजी घोषणा झाली. तेव्हाच्या संरक्षणमंत्री अनिता आनंद, भारतीय डॉक्टर आई-वडिलांची नोव्हा स्कोशात जन्मलेली मुलगी. या वेळी त्यांनी दोन आकडे सांगितले: खरेदी १९ अब्ज डॉलर आणि संपूर्ण आयुष्याचा खर्च सुमारे ७० अब्ज, म्हणजे आपल्या भाषेत सव्वाचार लाख कोटी रुपयांच्या आसपास. २०१० मध्ये जे दडवलं गेलं ते २०२३ मध्ये मंत्र्याने स्वतःहून सांगितलं आणि देश फारसा हललाही नाही. युक्रेनचं युद्ध वर्षभर पेटलेलं होतं, तो एक भाग झाला. पण मला वाटतं, ऑन-रोड किंमत आधीच सांगितली की माणूस कुरकुरतो आणि सही करतो. मागून कळली की शोरूममध्ये येऊन भांडतो.

अर्थात हेही फार दिवस टिकलं नाही. जून २०२५ मध्ये महालेखापरीक्षक कॅरन होगन यांनी सांगितलं की १९ अब्जांचे २७.७ झाले आहेत, शिवाय इमारती, शस्त्रं वगैरेंना किमान साडेपाच अब्ज वेगळे लागतील. कारणांत महागाई आहे, डॉलरचा भाव आहे, जगभर वाढलेली मागणी आहे. पण एक कारण ओळखीचं आहे: २०२२ चा अंदाज २०१९च्या माहितीवर बेतलेला होता, आणि भाव बरेच चढल्याची माहिती तेव्हाच उपलब्ध होती. कोल्ड लेक आणि बॅगोटव्हिलला नव्या विमानांसाठी लागणाऱ्या इमारती तीन वर्षांहून अधिक मागे पडल्या आहेत. वैमानिकांची टंचाई आहेच.

या अहवालाच्या तीन महिने आधी प्रश्नाचं रूपच पालटलं होतं. डोनाल्ड ट्रम्प यांनी आयातशुल्क लादलं, कॅनडाला ५१वं राज्य म्हणायला सुरुवात केली, आणि मार्च २०२५ मध्ये पंतप्रधानपदी आलेल्या मार्क कार्नी यांनी पहिल्या काही दिवसांतच या खरेदीचा फेरविचार करायला सांगितलं. पंधरा वर्षं कॅनडातला माणूस विचारत होता, विमान कितीला पडेल? आता तो विचारू लागला, सुटे भाग आणि सॉफ्टवेअरच्या सुधारणा ज्याच्या हातात आहेत तो उद्या आपलं ऐकेल का? हे भय किती खरं, यावर जाणकारांत दुमत आहे. पण पेज यांची किलोची रेघ किंवा फर्ग्युसन यांचं दप्तर या प्रश्नाला पुरं पडत नाही. तो हिशेबाचा प्रश्नच नाही. तो निर्णय मंत्रिमंडळालाच घ्यावा लागेल आणि लोकांना तोंडही त्यालाच द्यावं लागेल.

फेरविचार सुरू झाला तेव्हा पक्के पैसे बांधले गेले होते ते पहिल्या १६ विमानांचे: चार २०२६ मध्ये, सहा २०२७ मध्ये, सहा २०२८ मध्ये. पहिली काही थेट कॅनडात येणारही नाहीत. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी ती अ‍ॅरिझोनातल्या ल्यूक तळावर राहतील. उरलेल्या ७२ विमानांचा फैसला होईपर्यंत कोल्ड लेकहून उत्तरेच्या आकाशात चढतील ती सीएफ-१८च, आणि त्यांतली बरीचशी विमानं ती उडवणाऱ्या वैमानिकांपेक्षा वयाने मोठी आहेत.